हेलियम खरंच विजयदुर्गावर सापडला का?

सागरगोटा

दर १८ ऑगस्टला तोच मजकूर फिरतो. १८६८ साली याच दिवशी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ सर नॉर्मन लॉकयर विजयदुर्ग किल्ल्यावर बसले होते, खग्रास सूर्यग्रहण बघता बघता त्यांना सूर्यात एक नवीन पिवळी रेघ दिसली, तो हेलियम, आणि ज्या चौथऱ्यांवर त्यांनी दुर्बिणी लावल्या ते "साहेबाचे ओटे" आजही किल्ल्यात आहेत. लोक भक्तिभावाने पुढे पाठवतात, शाळेत भाषणात सांगतात, किल्ल्यावर हेलियम दिवसही साजरा होतो.

यातल्या गोष्टी सुट्या सुट्या घेतल्या तर बहुतेक खऱ्या आहेत. १८ ऑगस्ट १८६८ चं ग्रहण खरं, त्याचा खग्रास पट्टा (जिथून सूर्य पूर्ण झाकलेला दिसतो ती पट्टी) कोकणातून गेला हे खरं, लॉकयर विजयदुर्गाला आला हेही खरं, ओटे तर डोळ्यांना दिसतातच. गडबड आहे ती जोडणीत. लॉकयर विजयदुर्गाला आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, म्हणजे जवळजवळ ३० वर्षांनी, आणि तोवर हेलियम पृथ्वीवरसुद्धा सापडून ३ वर्षं होत आली होती. १८६८ च्या ऑगस्टमध्ये हा माणूस लंडनमध्ये युद्ध खात्यात कारकून होता, त्याच्या नावामागे "सर"ही नव्हतं, ते १८९७ साली लागलं.

मला हा धागा कोकणाचा मान काढून घ्यायला काढायचा नाहीये. उलट १८९८ मध्ये विजयदुर्गावर जे झालं ते इतकं चांगलं आहे की ते झाकून दुसरंच काहीतरी सांगितलं जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं. ज्यांना ग्रहणांचं, वर्णपटाचं (प्रकाश फाकवून मिळणाऱ्या रंगपट्ट्याचं), जुन्या कागदपत्रांचं माहीत आहे त्यांनी भर घाला. वेगळं मत असेल तर कशावरून ते पण लिहा.

देवगडवाला

ताई, तुमचं सगळं वाचलं. पण आमच्याकडे लोक पिढ्यानपिढ्या ते ओटे दाखवत आलेत, साहेब आला, मोठाल्या दुर्बिणी आणल्या, ग्रहण बघितलं, आता लंडनच्या कागदात नाही म्हणून ते झालंच नाही असं कसं म्हणायचं? आणि तुम्हीच म्हणताय १८६८ चा पट्टा आमच्यावरूनच गेला. मग जगातली माणसं पार आंध्रातल्या गुंटूरला आली आणि इथे कोणीच आलं नसेल हे पटत नाही. किल्ला आहे, बंदर आहे, समोर मोकळा समुद्र आहे, याहून चांगली जागा कुठली मिळणार होती?

ग्रहणवेडा

देवगडवाला, जागेबद्दलचा तुमचा प्रश्न चांगला आहे, त्याचं उत्तर पंचांगात आहे. १८ ऑगस्ट १८६८ म्हणजे श्रावण अमावास्या. श्रावणात विजयदुर्गावरून सूर्य दिसेल याची खात्री तुम्ही स्वतः द्याल का? जो माणूस दोन वर्षं आधीपासून तयारी करतो, सरकारकडून पैसे मिळवतो आणि ज्याला सगळ्या कामासाठी मोजून पाच-साडेपाच मिनिटं मिळणार आहेत, तो भर पावसाळ्यात किनारपट्टीवर तंबू टाकत नाही. म्हणून मंडळी घाट ओलांडून पठारावर आणि पूर्वेला गेली.

कोण कुठे होतं ते नोंदलेलं आहे. रॉयल सोसायटीच्या वतीने लेफ्टनंट जॉन हर्शेल (युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातू) जमखंडीला, कॅप्टन हेग विजापूरला, मेजर टेनंट गुंटूरला, फ्रान्सचा खगोलशास्त्रज्ञ जान्सेन पण गुंटूरलाच, मद्रास वेधशाळेचा पॉगसन मछलीपट्टणला. त्याच वेधशाळेचे चिंतामणी रघुनाथाचारी निजामाच्या मुलखात वनपर्तीला गेले होते, हे नाव आपल्याकडे कोणी घेत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय, एका रूपविकारी (तेज कमीजास्त होणाऱ्या) ताऱ्याचा शोध या माणसाच्या नावावर आहे. पुढे पट्टा सयामकडे (आजच्या थायलंडकडे) गेला, तिथे राजा मोंगकुट स्वतः गणित करून ग्रहण बघायला दलदलीच्या किनाऱ्यावर गेला, हिवतापाने आजारी पडला आणि १ ऑक्टोबरला वारला.

पठारावर जाऊनसुद्धा हर्शेलला ढगांनी छळलंच. विजयदुर्गाला त्या सकाळी काय दिसलं असतं याचा अंदाज करा. आणि २२ जानेवारी १८९८? पौष अमावास्या. आकाश कोरडं, समुद्र शांत, जहाज थेट खाडीत. तेव्हा मात्र तुम्ही म्हणताय तेच, याहून चांगली जागा नव्हती.

आगबोट

अजून एक साधा मुद्दा, सुएझ कालवा नोव्हेंबर १८६९ मध्ये सुरू झाला. त्याआधी इंग्लंडहून यायचं तर अख्ख्या आफ्रिकेला वळसा, तीन-चार महिने. लॉकयरने २० ऑक्टोबर १८६८ ला लंडनमध्ये निरीक्षण केलं आहे, म्हणजे १८ ऑगस्टला तो इथे असणं शक्यच नाही. विषय संपला.

जुने कागद

@आगबोट, निष्कर्ष बरोबर आहे पण त्यासाठी हा पुरावा वापरू नका, कोणीतरी खोडून काढेल आणि मग चांगले मुद्देही त्याच्याबरोबर वाहून जातील. कालव्याआधीही टपाल आणि प्रवासी आफ्रिकेला वळसा घालत नव्हते. आगबोटीने अलेक्झांड्रिया, तिथून रेल्वेने सुएझ, मग दुसरी आगबोट मुंबईला, साधारण महिन्याभरात माणूस पोचायचा. त्यामुळे १८ ऑगस्टला कोकणात आणि २० ऑक्टोबरला लंडनमध्ये हे जाण्यायेण्याच्या हिशोबाने अशक्य नाही.

भक्कम पुरावा वेगळाच आहे. लॉकयरने १८६६ मध्येच सुचवलं होतं की सूर्याच्या कडेवरच्या लाल ज्वाळा ग्रहणाशिवायही वर्णपटदर्शकातून (प्रकाश रंगांत फाकवून त्यातल्या रेषा दाखवणाऱ्या यंत्रातून) दिसायला हव्यात. त्यासाठी ताकदीचं यंत्र पाहिजे होतं, त्याला अनुदान मिळालं, पण यंत्र बनवणाऱ्यांकडून उशीर होत गेला आणि ते हातात पडलं ऑक्टोबर १८६८ मध्ये. म्हणजे ग्रहणाच्या दिवशी त्याच्याकडे ते यंत्रच नव्हतं! २० ऑक्टोबरला त्याने लंडनमधून, अगदी साध्या ग्रहण नसलेल्या दिवशी, ज्वाळांच्या रेषा बघितल्या आणि लगेच रॉयल सोसायटीला कळवलं. त्याचं सगळं महत्त्वच यात आहे की त्याला ग्रहण लागलं नाही. त्याला विजयदुर्गावर बसवून १८६८ चं ग्रहण दाखवलं की त्याने केलेली सगळ्यात मोठी गोष्टच पुसली जाते.

सागरगोटा

@जुने कागद, हे नेमकं लिहिलंत. माझ्या डोक्यात होतं पण असं मांडता आलं नसतं.

जान्सेनचं पण असंच झालं ना? त्याने ग्रहणात पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी ग्रहण नसताना पुन्हा पाहिलं?

जुने कागद

हो. गुंटूरला ग्रहण चालू असतानाच त्याच्या लक्षात आलं की या रेषा इतक्या ठळक आहेत की नंतरही दिसल्या पाहिजेत. त्या दिवशी ढग आले, १९ ऑगस्टच्या सकाळी त्याने सूर्याच्या कडेला वर्णपटदर्शकाची फट (प्रकाश आत घेणारी अरुंद चीर) लावली आणि रेषा दिसल्या. त्याने सप्टेंबरमध्ये पत्र लिहिलं, ते पॅरिसच्या अकादमीत पोचलं २६ ऑक्टोबरला, आणि लॉकयरची बातमी पण त्याच दिवशी त्याच बैठकीत आली. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. फ्रेंच सरकारने १८७२ मध्ये दोघांचे चेहरे एकाच पदकावर काढले. पण हे पदक हेलियमसाठी नव्हतं बरं का, ग्रहणाशिवाय सौरज्वाला बघण्याच्या पद्धतीसाठी होतं. "लॉकयर आणि जान्सेन यांनी हेलियम शोधला" हे वाक्य बहुतेक इथूनच तयार झालं असावं, दोन नावं एकत्र दिसली आणि पुढे शोधही एकच मानला गेला.

नवखा तारा

मी नुसता वाचक आहे पण एक कळत नाहीये, ग्रहण नसताना त्या ज्वाळा दिसतात कशा? सूर्याच्या झगझगाटात तर काहीच दिसत नाही म्हणूनच ग्रहणाची वाट बघायचे ना सगळे?

वर्णपट

@नवखा तारा, प्रश्न अगदी मुळाशी गेलात, थोडं लांब लिहितो.

सूर्याच्या कडेबाहेर जो झगझगाट असतो तो आपल्या हवेत विखुरलेला सूर्यप्रकाश. त्यात सगळे रंग आहेत, तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सलग. लोलकातून गेला की तो पट्टा होऊन पसरतो. एका लोलकाऐवजी अनेक लोलक एकापुढे एक लावले तर पट्टा आणखी लांब होतो, पण प्रकाश तेवढाच, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी तो फिका होत जातो. ज्वाळेचा प्रकाश मात्र सलग नाही, तो तापलेल्या विरळ वायूचा आहे आणि मोजक्याच रंगांत येतो. एकाच रंगाची रेघ कितीही लोलकांतून नेली तरी पसरून फिकी होत नाही (काचेत थोडा प्रकाश जातो ते सोडा). म्हणजे लोलक वाढवत गेलात की मागचा झगझगाट मंदावतो आणि रेघ तशीच तेजस्वी राहते, एका टप्प्याला ती वर उठून दिसते. जान्सेन आणि लॉकयर दोघांचीही युक्ती हीच.

आता १८६८ च्या ग्रहणात नक्की काय ठरलं ते. त्याआधी ज्वाळा म्हणजे काय यावरच वाद होता, सूर्याच्या आहेत हे १८६० च्या ग्रहणातल्या फोटोंवरून बऱ्यापैकी ठरलं होतं पण त्या कशाच्या बनल्यात हे माहीत नव्हतं. १८ ऑगस्टला जमखंडीपासून सयामपर्यंत ज्यांनी ज्यांनी वर्णपटदर्शक लावला त्यांना सलग पट्टा न दिसता सुट्या तेजस्वी रेषा दिसल्या. म्हणजे ज्वाळा वायूच्या आहेत. तांबडी आणि निळी रेघ हायड्रोजनची, हे लगेच ओळखलं गेलं. त्या दिवसाचा खरा शोध हा, आणि तो एका माणसाचा नाही. सयाममध्ये फ्रेंच निरीक्षक रायेला तर नऊ रेषा दिसल्या होत्या.

पिवळी रेघ पण बऱ्याच जणांना दिसली. हर्शेलने नारिंगी म्हटलंय, टेनंटनेही नोंदवलीय. आणि सगळ्यांनी ती सोडियमची डी रेघ असं धरलं, कारण पिवळी तेजस्वी रेघ म्हटलं की तेव्हा सोडियमच, मीठ जाळलं की तीच दिसते. सोडियमच्या दोन रेषा आहेत, डी-२ आणि डी-१, अनुक्रमे ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीला. हेलियमची ५८७.६ ला. अंतर दीड नॅनोमीटरसुद्धा नाही. पाच मिनिटांचं ग्रहण, मधे ढग, हाताशी तुलनेला काही नाही, अशात हे अंतर कोण मोजणार? त्यांची चूक म्हणायला मी तयार नाही.

लॉकयरला ते जमलं कारण त्याला घाई नव्हती. तो आज, उद्या, परवा पुन्हा तीच रेघ बघू शकत होता, आणि सूर्याच्याच वर्णपटातल्या सोडियमच्या काळ्या रेषा शेजारी दिसत असताना तिची जागा त्यांच्यासमोर ठेवून मोजू शकत होता. २० ऑक्टोबरच्या त्याच्या पहिल्या टिपणातच "डी च्या जवळ" असं आहे, डी वर असं नाही. पुढच्या काही आठवड्यांत त्याने पक्कं केलं की ही रेघ डी-१ आणि डी-२ दोन्हींपासून वेगळी आहे, म्हणून तिला डी-३ म्हणायला लागले.

प्रयोगवही

वर्णपट यांनी अंतर लिहिलंय ते किती कमी आहे याचा अंदाज ज्यांनी बीएस्सीला सोडियमचं प्रॅक्टिकल केलंय त्यांना लगेच येईल. आपली नेहमीची इंचाला १५,००० रेघांची ग्रेटिंग (लोलकासारखी प्रकाश फाकवणारी बारीक रेघांची काच), पहिली ऑर्डर, साधारण २० अंशावर पिवळी रेघ येते. दुर्बीण हळू फिरवली की सोडियमच्या दोन रेघा सुट्या दिसतात, त्यांच्यात जेमतेम सव्वा मिनिट (अंशाचा साठावा भाग, घड्याळाचं नाही). आता सोडियमचा दिवा काढून तिथे हेलियमची नळी लावा, बाकी काही हलवू नका. क्रॉसवायर (दुर्बिणीतली खुणेची तार) सोडियमवर ठेवलेली असेल तर हेलियमची रेघ तिच्या शेजारी, सुमारे ३ मिनिटं आत येते. व्हर्नियरवर (कोन मोजायच्या बारीक पट्टीवर) तीन घरं. आपल्याकडे विद्यार्थी घाईत असले की शून्य दुरुस्ती विसरून दोन-तीन मिनिटांची चूक सहज करतात, आणि इथे तर नवीन मूलद्रव्य की जुनं याचा सगळा निकाल त्या तीन घरांवर आहे.

रंगाने फरक कळतो असं काही ठिकाणी लिहिलेलं असतं. नाही कळत. दोन्ही डोळ्याला सारख्याच पिवळ्या. फरक फक्त जागेचा. मी मुलांना हे मुद्दाम करायला लावते, आधी नुसत्या डोळ्यांनी कोणती कुठली ते ओळखायला सांगते आणि मग मोजायला. सोय असेल तर शिक्षकांनी जरूर करून बघा, पुस्तकातली डी-३ रेघ मग कायमची लक्षात राहते.

किल्लेदार

वाचनखूण साठवली. प्रयोगवही ताई, आमच्या कॉलेजात हेलियमची नळी होती पण कपाटाबाहेर कधी आलीच नाही.

देवगडवाला

वाचतोय सगळं. १८६८ ला लॉकयर इथे नव्हता हे त्या यंत्राच्या मुद्द्यावरून मी मान्य करायला तयार आहे. पण मग १८९८ चं नीट सांगा ना. नुसतं "आला होता" म्हणून सोडू नका, आमच्या गावात काय घडलं ते आम्हाला पण समजू द्या. आणि हेलियम आधीच सापडला होता तर एवढ्या लांब येऊन त्याला बघायचं काय होतं?

जुने कागद

आनंदाने.

आधी एक वाट मोकळी करतो. लॉकयर भारतात पहिल्यांदा आला तो १२ डिसेंबर १८७१ च्या ग्रहणाला, आणि तेव्हाही पश्चिम किनाऱ्यावरच्या किल्ल्यातच थांबला होता, पण तो किल्ला बेकल, आत्ताच्या केरळात. (त्याच ग्रहणाला जान्सेन निलगिरीत होता. या माणसाची ग्रहणासाठी काय तयारी असेल बघा, १८७० च्या डिसेंबरमध्ये पॅरिसला प्रशियाच्या सैन्याचा वेढा होता तेव्हा तो फुग्यात बसून शहराबाहेर पडला आणि अल्जीरियाला ओरानला पोचला. तिथे ढग!) म्हणजे लॉकयर, भारत, किल्ला, समुद्र, ग्रहण असं सगळं जुळणारी दोन वर्षं आहेत, १८७१ आणि १८९८. १८६८ त्यात नाही.

१८९८ ला तो विजयदुर्गाला आला तेव्हा बरोबर त्याचा मुलगा डब्ल्यू. जे. एस. लॉकयर आणि आल्फ्रेड फाउलर होते, फाउलर म्हणजे पुढे वर्णपटाच्या अभ्यासातलं फार मोठं नाव. मदतीला ब्रिटिश आरमाराची मेल्पोमीन ही युद्धनौका होती, आणि तिच्यावरचे अधिकारी व खलाशी नुसते ओझी वाहायला नव्हते, त्यांनाही निरीक्षणाच्या कामात गुंतवलं होतं. लॉकयरची ही पद्धतच होती, जहाजावरच्या शिस्तीच्या माणसांना आधी सराव द्यायचा, कोणी वेळ पुकारायची, कोणी चित्र काढायचं, कोणी कॅमेऱ्यातल्या प्लेटा (फोटोच्या काचा) बदलायच्या, आणि खग्रासाच्या दोन मिनिटांत प्रत्येकाने फक्त आपलं काम करायचं. भारतात त्या दिवशी खग्रास जेमतेम दोन मिनिटांचंच होतं, १८६८ च्या निम्म्याहून कमी.

हे सगळं त्याने स्वतः छापलंय. ग्रहणांवरचं त्याचं पुस्तक १८९७ मध्ये आलं आणि १९०० च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने विजयदुर्गाच्या निरीक्षणांची हकीकत घातली. गावाचं नाव इंग्रजी वळणाने "विझियादुर्ग" असं आहे त्यामुळे विजयदुर्ग शोधला तर हाती लागत नाही. लॉकयरच्याच लेखणीतून तुमच्या गावाचं नाव आहे आणि आपण मात्र भलतीच तारीख सांगत बसतो.

ओट्यांबद्दल: यंत्रांना थरथर अजिबात चालत नाही, म्हणून कॅमेऱ्यांसाठी आणि आरशांसाठी भरीव चौथरे बांधून घेणं हा ग्रहण मोहिमांचा नेहमीचा शिरस्ता. त्यामुळे गावातली आठवण, की साहेब आला आणि ओट्यांवर दुर्बिणी लावल्या, १८९८ शी बरोबर जुळते. लोकांनी माणूस, काम आणि जागा नीट लक्षात ठेवलं. वर्ष चुकलं ते नंतर, लिहिणाऱ्यांकडून.

वर्णपट

"बघायचं काय होतं" याचं उत्तर मी देतो, कारण मला ते हेलियमइतकंच भारी वाटतं.

खग्रास सुरू होताना, सूर्याची शेवटची कड झाकली जाते त्या क्षणी, एक-दोन सेकंद सूर्याचा रंगावरण नावाचा पातळ थर एकटाच उघडा असतो. त्याचा वर्णपट म्हणजे नेहमीच्या काळ्या रेषांच्या जागी एकदम तेजस्वी रेषा, आणि लगेच गायब. डोळ्यांनी बघून शेकडो रेषा टिपणं माणसाला शक्य नाही. म्हणून लोलक-कॅमेरा, दुर्बिणीच्या भिंगापुढेच मोठा लोलक. यात फट लागत नाही, कारण तो उरलेला बारीक चंद्रकोरीसारखा थरच फटीचं काम करतो. त्यामुळे फोटोत सरळ रेषा न येता कमानी येतात, एकामागे एक, प्रत्येक कमान एका तरंगलांबीची. आणि गंमत अशी की कमान जितकी लांब तितका तो वायू सूर्याच्या पृष्ठापासून जास्त उंचीवर पसरलेला. एकाच फोटोत कोणता वायू आहे आणि किती उंचीपर्यंत आहे हे दोन्ही कळतं. हायड्रोजन, कॅल्शियम आणि हेलियम यांच्या कमानी लांब असतात, लोखंडासारख्यांच्या आखूड. फाउलरने विजयदुर्गाला हेच कॅमेऱ्याचं काम केलं.

म्हणजे हेलियम सूर्यात आहे का, हा प्रश्न १८९८ ला उरलाच नव्हता. सूर्यात कुठे, किती उंचीवर, कशाच्या सोबत, हे बघायला ते आले होते.

पुणे-सोलापूर पॅसेंजर

१८९८ निघालंय तर जेऊर विसरू नका हो! करमाळ्याजवळचं जेऊर. तिथे त्याच ग्रहणाला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली मोहीम घेऊन गेले होते. पुण्यात त्यांनी महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली होती, तिथली २० इंची परावर्तक दुर्बीण त्या काळी देशातली सगळ्यात मोठी, पुढे ती कोडाईकनालला गेली. जेऊरलाच अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल पण होता. म्हणजे जगातल्या नावाजलेल्या वेधशाळेचा माणूस आणि आपला पुण्याचा प्राध्यापक एकाच गावात, एकाच कामाला. नायगमवालांनी सविस्तर अहवाल छापला. विजयदुर्गाच्या ओट्यांचा मजकूर हजारोंनी वाचला असेल, नायगमवालांचं नाव किती मराठी माणसांना माहीत आहे?

आणि तिकडे विदर्भात पुलगाव, तळणी. तळणीला इंग्रज खगोलशास्त्रज्ञ अ‍ॅनी माँडर होती, तिने प्रभामंडलाचा (सूर्याभोवतीच्या विरळ तेजोवलयाचा) एक भला लांब किरण फोटोत पकडला, तोवर इतका लांब कोणी पकडला नव्हता. १८९८ चं ग्रहण खऱ्या अर्थाने आपल्या महाराष्ट्राचं ग्रहण आहे, पश्चिम किनाऱ्यापासून पार वर्ध्यापर्यंत. त्यावर मराठीत कोणीतरी बैजवार लिहायला हवं.

नवखा तारा

मग शोध नक्की कोणाच्या नावावर लिहायचा? माझ्या पुतणीच्या वहीत "जान्सेन व लॉकयर, १८६८" असं आहे.

वर्णपट

माझं मत स्पष्ट आहे, लॉकयर. जान्सेनच्या पत्रात नव्या मूलद्रव्याबद्दल अवाक्षर नाही, त्याचा मोठेपणा पद्धतीत आहे. नवीन पदार्थ असावा हे म्हणण्याची हिंमत लॉकयरने केली, तीही जवळजवळ एकट्याने. रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड त्याच्याबरोबर काम करत होता पण तो साशंकच होता, हायड्रोजनच वेगळ्या दाब-तापमानात अशी रेघ देत असेल असं त्याला वाटायचं. हेलियम हे नाव छापील स्वरूपात आलं ते १८७१ मध्ये विल्यम थॉमसनच्या, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनच्या, भाषणात. त्यानंतर २० वर्षांहून जास्त काळ बहुतेक रसायनवाले या नावाकडे दुर्लक्ष करत राहिले. १८९५ मध्ये ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ रॅमसेने क्लेव्हाइट नावाचं युरेनियमचं खनिज आम्लात घातलं, तो खरं तर आर्गॉन शोधत होता, आणि निघालेल्या वायूत हीच पिवळी रेघ दिसली. त्याच सुमारास स्वीडनमध्ये क्लेव्ह आणि लांगले यांनाही तो मिळाला आणि त्यांनी अणुभार काढला.

जुने कागद

इथे मी वर्णपट यांच्याशी सहमत नाही. लॉकयर "एकट्याने" म्हणताना पॉगसनचं काय? मछलीपट्टणला ग्रहणातच त्याने पिवळ्या रेघेबद्दल शंका घेतली, डी वर नसून डी च्या जवळ असावी अशी. त्याचा अहवाल मद्रास सरकारच्या कागदांत राहिला, युरोपात फारसा पोचला नाही. राजधानीपासून लांब बसून काम करणाऱ्यांचं हे कायम होत आलंय. पाच मिनिटांत, साध्या यंत्राने, जे टेनंटच्या आणि हर्शेलच्या लक्षात आलं नाही ते याच्या आलं. मग त्याचं नाव कुठल्याच वहीत का नाही?

वर्णपट

पॉगसनबद्दल मला आदरच आहे, ताऱ्यांच्या प्रतींचं (कोणता तारा किती तेजस्वी याचं) माप आपण आजही त्याचंच वापरतो. पण "जवळ असावी" अशी शंका आणि "ही सोडियमची नाही, हायड्रोजनची नाही, आपल्याला माहीत असलेल्या कशाचीच नाही" हे मोजून दाखवणं यात फरक आहे. पहिलं निरीक्षण, दुसरा शोध. माझ्या वहीत पॉगसन पहिल्या रकान्यात येईल, दुसऱ्या नाही.

जुने कागद

पहिल्या रकान्यात तरी येऊ द्या. आत्ता तो कुठल्याच रकान्यात नाही, माझं म्हणणं एवढंच आहे. आणि हाच न्याय लावला तर जान्सेनपण पहिल्या रकान्यात बसत नाही, त्याचा रकाना तिसराच.

वर्णपट

जान्सेनबद्दल पूर्ण मान्य. @नवखा तारा, पुतणीला सांगा परीक्षेत वहीत आहे तेच लिही, पण वहीच्या समासात "पद्धत: दोघांची, डी-३: लॉकयर, पृथ्वीवर: रॅमसे १८९५" एवढं लिहून ठेव.

देवगडवाला

ठीक. मी पुढच्या १८ ऑगस्टची वाट बघणार नाही, २२ जानेवारीला काहीतरी करता येईल का हे मंडळातल्या पोरांशी बोलतो, तेव्हा आभाळही निरभ्र असतं. ओट्यांजवळ लावायला मजकूर असा केलाय, बघा चालतो का:

"२२ जानेवारी १८९८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या निरीक्षणासाठी हेलियमचे शोधक सर नॉर्मन लॉकयर यांनी विजयदुर्ग येथे तळ ठोकला होता. त्यांचे सहकारी आल्फ्रेड फाउलर व मेल्पोमीन युद्धनौकेचे खलाशी यांनी या कामात भाग घेतला. येथून सूर्यातील हेलियमची पिवळी रेषा छायाचित्रात टिपण्यात आली."

प्रयोगवही

पहिली दोन वाक्यं अगदी छान. शेवटचं बदला, "पिवळी रेषा" नको. त्या काळच्या प्लेटा निळ्या-जांभळ्या रंगाला जास्त संवेदनशील असायच्या, पिवळ्याला कमी. हेलियमच्या दुसऱ्या रेषा आहेत, ४४७.१ नॅनोमीटरची निळी वगैरे, त्या अशा फोटोंत सहज यायच्या. "येथून सूर्याच्या रंगावरणाच्या वर्णपटाची छायाचित्रे घेण्यात आली" एवढंच लिहा, त्याला कोणी हरकत घेणार नाही.

सागरगोटा

आणि लॉकयरच्या मुलाचं नाव पण घाला, ते राहिलंय. जागा असेल तर खाली एक ओळ, "१८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाचा खग्रास पट्टाही या किल्ल्यावरून गेला होता." तेही खरंच आहे, फक्त वेगळ्या ओळीत हवं.

देवगडवाला

घातलं दोन्ही. शनिवारी मंडळाची बैठक आहे, त्यांनी होकार दिला की पुरातत्त्व खात्याच्या परवानगीसाठी अर्ज करतो, त्यांच्याशिवाय किल्ल्यात खिळाही मारता येत नाही.